बावखळाचा न उपसलेला कोपरा

निवृत्त पोलीसवाल्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. पेन्शन वेळेवर येते का, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी केस कोणती. पहिल्याचे उत्तर 'येते' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ऐकून मात्र लोकांचा हिरमोड होतो, कारण माझ्या मनातून जे प्रकरण जात नाही त्यात खून नाही, दरोडा नाही आणि शेवटी कुणाला शिक्षाही झाली नाही. एका सरळमार्गी शेतकऱ्याचे आयुष्य मातीत जाता जाता वाचले, एवढेच. पण ते आठवले की आजही मी मोठा सुस्कारा टाकतो आणि बायको आतून विचारते, "काय झालं?" मी सांगतो, "काही नाही, गिरीजची पेटी." तिला तेवढ्यावर कळते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी वसई तालुक्यातल्या एका पोलीस स्टेशनला उपनिरीक्षक होतो. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही ठाणे ग्रामीणमध्ये मोडत होतो. मुंबईत बॉम्बस्फोट होऊन गेले होते आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोलीस स्टेशनला वरून एकच हुकूम होता, हत्यारे शोधा. टाडा लागू होता. त्या कायद्याखाली एकदा आत गेलेल्या माणसाला जामीन म्हणजे उंबराचे फूल. संशय खरा की खोटा हे ठरेपर्यंत माणसाची वाडी वाळून जायची.

अशात एक दिवस एक जमिनीचा एजंट माझ्या टेबलापुढे येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, गिरीजला एका वाडीत माल आहे. बावखळातून पेटी निघाली. मालकाने इंजिनाच्या खोलीत दडवलीय. गडीमाणसाने दारूच्या गुत्त्यावर सांगितलं, मी कानांनी ऐकलं."

एजंट लोकसेवा करायला आलेला नव्हता हे मला तेव्हाही कळत होते. त्या वाडीवर एका बिल्डरचा डोळा होता आणि मालक विकायला तयार नव्हता, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण खबरीचा हेतू खोटा असला म्हणून खबर खोटी ठरत नाही. मी दोन पंच घेतले, हवालदार घेतला आणि जीप काढली.

बावखळ म्हणजे काय हे वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. विहिरीपेक्षा मोठे आणि तळ्यापेक्षा लहान असे वाडीतले पाण्याचे खोदीव कुंड. त्यावर इंजिन बसवून केळीला, नारळीला, भाजीला पाणी देतात. दरवर्षी वैशाखात पाणी तळाला गेले की बावखळ उपसायचे आणि गाळ काढून केळीच्या बुंध्याला घालायचा, असा इथला रिवाज. मी साताऱ्याकडचा कोरड्या मुलखातला माणूस, त्यामुळे या लोकांची पाण्याची निगा बघून मला नेहमी कौतुक वाटायचे.

खबर खरी निघाली. इंजिनाच्या खोलीत, वाळलेल्या केळीच्या सोपटांखाली एक पत्र्याची पेटी होती. वरून ताडपत्री आणि त्यावर होडीला लावतात तसे डांबर. आत तेलकट कापडात गुंडाळलेली दोन जुनाट पिस्तुले, मूठभर काडतुसे आणि लोखंडी कवचाचे दोन हातबॉम्ब. बॉम्ब बघून माझा एक पंच खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. बॉम्बशोधक पथक बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला आणि वाडीमालकाला ताब्यात घेतले.

मालक कॅथलिक, चाळिशी ओलांडलेला, हातापायाला माती लागलेलाच गाडीत बसला. ना आरडाओरडा, ना गयावया. बायकोला फक्त एवढे म्हणाला, "संध्याकाळी इंजिन चालू कर, केळी सुकतील."

जुनी हत्यारे म्हणून मी त्याला तिथेच सोडायला हवे होते, असे कुणाला वाटेल. तसे होत नाही. जुन्या पिस्तुलानेही माणूस मरतो, आणि त्या काळात गुंडांकडे सापडणारी हत्यारे काही शोरूममधून आणलेली नसत. काडतुसांवरचे शिक्के गंजून गेले होते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. कोर्टाने पोलीस कोठडी दिली आणि माझी चौकशी सुरू झाली.

"पेटी कुठून आली?"

"बावखळातून, साहेब. गाळ काढताना कुदळ लागली."

"मग पोलीस स्टेशनला का आला नाहीस?"

"एकाला विचारायचं होतं आधी."

"कुणाला?"

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारला. शेवटी तो म्हणाला, "बापूस मरताना सांगून गेलाय, पोलिसाला कुणाचं नाव सांगायचं नाय."

आता हे वाक्य कोठडीतल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर कुठल्याही अधिकाऱ्याचे कान टवकारतील. टोळीत भरती झालेल्या पोरांना पहिला धडा हाच देतात. आमच्या पोलीस निरीक्षक साहेबांनी ते ऐकले आणि म्हणाले, "ऐकलंत? शिकवून तयार केलेला माणूस आहे. वरून रोज फोन येतायत. रिमांड संपेपर्यंत काही निघालं नाही, तर टाडाचा प्रस्ताव पाठवावा लागेल मला." साहेब वाईट नव्हते. पण वरचा माणूस खालच्याला दाबतो, खालचा त्याच्या खालच्याला, आणि शेवटी सगळा भार कोठडीतल्यावर येतो. मला हवालदाराने हळूच विचारलेही, "साहेब, जरा दम देऊ का?" मी म्हणालो, "हात लावायचा नाही."

हात न लावण्याचे कारण माझे मोठेपण नव्हे. खोटे बोलणारा माणूस बोलत सुटतो, हा माझा अनुभव होता. विचारले नाही तेही सांगतो, वार-तिथीसकट सांगतो. हा माणूस स्वतःबद्दल विचारले की लगेच उत्तर देत होता आणि दुसऱ्याबद्दल विचारले की पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तो स्वतःला वाचवत नव्हता.

मी पुन्हा वाडीवर गेलो. बावखळ तीन बाजूंनी आरशासारखे स्वच्छ उपसलेले होते. चौथ्या कोपऱ्यात मात्र कमरेएवढा जुना गाळ आणि त्यावर केवड्याचे बेट माजलेले. ताजी कुदळ फक्त त्याच्या कडेला लागली होती. पाण्याच्या थेंबाची किंमत करणाऱ्या माणसाने एवढी जागा वाया घालवावी, हे काही मला पटेना. मी मालकाच्या बायकोला विचारले, "हा कोपरा का सोडलाय?"

तिने पदराने हात पुसले. गळ्यातल्या साखळीतला क्रूस चिमटीत धरला. मग म्हणाली, "तो नाय बोलणार, साहेब. बापसाचा शब्द हाय. मी बोलते, मी काय शब्द दिलेला नाय कुणाला. सासऱ्याने हा कोपरा कधी उपसू दिला नाय. गावात सांगायचा, तिथं भूत हाय. आम्हाला सांगायचा, भूतबित काय नाय, पण हात लावायचा नाय. या साली पाणी कमी पडलं, सासरा पण राहिला नाय, म्हणून ह्याने थोडं खोदलं."

"आणि विचारायचं कुणाला होतं?"

"निर्मळचे गुरुजी. दरवर्षी एकदा यायचे. दोघं म्हातारे ह्या कोपऱ्यावर बसायचे. बोलायचे नाय काय, नुसते बसायचे. जाताना सासरा त्यांना सुकेळी द्यायचा. सासरा गेला तेव्हा चर्चात मिसा संपेपर्यंत उभे होते, हिंदू माणूस असून."

सुकेळी म्हणजे वसईची उन्हात वाळवलेली केळी, पानात घट्ट बांधलेली. मी तडक निर्मळला गेलो.

गुरुजी म्हणजे प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. सत्तरी उलटलेली, अंगकाठी शिडशिडीत. ओटीवर ओल्या केळीच्या पानावर सोनचाफ्याची फुले निवडत बसले होते. डाव्या हाताची दोन बोटे आतल्या बाजूला वळलेली होती, ती मिटत नव्हती की उघडत नव्हती. माझी वर्दी बघून त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितले, नंतर चहा. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, घरी आलात, पाहुणे आहात. बसा, चहा घ्या. विचारू मात्र काही नका."

"गुरुजी, विचारणं हे माझं काम आहे."

"आणि न सांगणं हे माझं होतं."

मी गिरीजचे नाव काढले. चेहऱ्यावर रेष हलली नाही. वाडीमालकाच्या बापाचे नाव घेतले. "ओळख होती," म्हणाले. पेटीचे विचारले तर फुले निवडू लागले. मी अट्टल घरफोडे बोलते केले आहेत, पण या माणसापुढे माझी डाळ शिजेना. शेवटी वैतागून म्हणालो, "गुरुजी, इंग्रज जाऊन जमाना झाला. आता कसली भीती?"

त्यांनी माझ्याकडे बघितले. रागाने नाही, एखाद्या विद्यार्थ्याकडे बघावे तसे. म्हणाले, "इंग्रज गेले हो. खाकी तीच आहे."

मला ते झोंबले. मी उठलो आणि उठता उठता म्हणालो, "ठीक आहे. तुमच्या मित्राचा मुलगा कोठडीत आहे. पेटी त्याच्याकडे सापडली. टाडा लागला तर केव्हा बाहेर येईल सांगता येत नाही. तो तुमचं नाव घेत नाही, तुम्ही त्याचं घेऊ नका. बसा दोघं शब्द पाळत."

फूल त्यांच्या हातातून गळून पडले. त्यांना अटकेचे माहीतच नव्हते. "तो पोरगा? त्याने काय केलंय? त्याला काही माहीत नाही!" ते उठून उभे राहिले. "पेटी माझी आहे. मला घाला आत. चला, आत्ता येतो. त्याला सोडा."

"तुमची कशी? त्यात काय होतं?"

"ते सांगणार नाही."

"बावखळात कुणी टाकली?"

"तेही नाही."

माझ्या नोकरीत हा एकच माणूस बघितला जो तुरुंगात जायला एका पायावर तयार होता, पण जबाब द्यायला नाही. मी त्यांना शांतपणे समजावले. नुसते 'माझी' म्हणून कायद्याला चालत नाही. कोर्ट विचारणार पेटी कुठून आली, कशी आली, केव्हा आली. त्याची उत्तरे नसतील तर आत तुम्हीही जाल आणि तोही बाहेर येणार नाही. ते ओटीच्या खांबाला टेकले. डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "आम्ही चौघांनी शपथ घेतली होती, तिघांनी बेलभंडारा उचलून. या पोराचा बाप क्रूसावर हात ठेवून बोलला होता. एकट्याने तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर जिवंत असतील त्यांनी समोरासमोर ठरवून. आता एक शिल्लक आहे, नायगावला. मला तिच्याकडे न्याल?"

"चला," मी म्हणालो.

नायगावला खाडीच्या बाजूला तेव्हा मिठागरे होती. पावसाळ्याआधी मिठाच्या राशी झाकायला लागणाऱ्या झावळ्या विणत एक म्हातारी शेडमध्ये बसली होती. उन्हाने काळी पडलेली, पण हात भराभर चालत होते. तिने आधी मला बघितले, मग जीपमधून उतरणाऱ्या गुरुजींना. विणणे थांबले नाही.

"आलास? इतक्या वर्सांनी आलास तं पोलिसाला घेऊन आलास!"

गुरुजी तिच्यासमोर खाली मातीत बसले. "बाय, पेटी सापडली."

"सापडायचीच व्हती कदी तरी. मंग?"

"त्याच्या पोराला अटक झालीय. आणि मी शपथेत अडकलोय. तुझ्याशिवाय कसा बोलू?"

आता तिचे हात थांबले. तिने झावळी बाजूला टाकली आणि या सत्तरीच्या माणसाला असे काही फैलावर घेतले की मी वर्दीत असून दोन पावले मागे सरलो. "आरं येड्या! गुरुजी झालास आनि अक्कल कुटं ठेवलीस? शपथ कशापायी घेतली व्हती? एकाच्या तोंडानी दुसरा मरू नये म्हनून. आता तुझ्या गप बसन्यानी त्याचा पोर मरतोय. मंग शपथ मोडली कोनी? तूच मोडलीस, गप बसून!"

गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. ती माझ्याकडे वळली. "साहेब, बसा. पानी घ्या. आनि लिवा, मी सांगतंय."

इथे मला पोलिसाचे डोके शाबूत ठेवावे लागले. दोन साक्षीदारांनी एकमेकांसमोर सांगितलेला जबाब कोर्टात टिकत नाही. ठरवून झाले होते, आता सांगणे वेगवेगळे व्हायला हवे होते. मी गुरुजींना जीपमध्ये बसवले आणि म्हातारीला पहिला प्रश्न विचारला, पेटीत काय होते.

"दोन पिस्तुलं व्हती, मूठभर काडतुसं, दोन बाँब. मीच नेली, मिठाच्या पाटीखाली. पोरगी व्हते मी, पोरीची पाटी कोन बघतो? एका पिस्तुलाची मूठ फुटलेली. मीच बापाच्या जाल्याच्या सुतानी बांधली व्हती, वर डांबर लावून."

माझा हवालदार लिहिता लिहिता थांबला. पंचनाम्यात नेमकी तीच नोंद होती, एका पिस्तुलाची मूठ सुताने गुंडाळून डांबर लावलेली. ती गोष्ट पेटी उघडताना हजर असलेल्यांखेरीज कुणाला माहीत नव्हती. म्हातारी पेटीच्या जवळपासही फिरकली नव्हती. मी हवालदाराला खूण केली, लिहीत राहा. पण मला त्या क्षणी जे वाटले ते सांगतो. उन्हात उभा होतो आणि अंगावरून गार वारा गेल्यासारखे वाटले. पोरगा सुटणार होता.

दोघांना घेऊन मी पोलीस स्टेशनला आलो. इमारत ब्रिटिशांच्या वेळची. गुरुजी पायरीशी थबकले, वर कौलांकडे बघितले आणि मग आत आले. लॉकअपजवळून जाताना वाडीमालक गजाला धरून उभा राहिला. गुरुजींना तिथे बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटले, त्यांनाही पकडून आणले. "गुरुजी, मी नाय बोललो काय," तो घाईघाईने म्हणाला.

"माहीत आहे रे," गुरुजी म्हणाले. "तुझ्या बापसाचं नाव मीही नव्हतं सांगितलं. मी ह्याच खोलीत होतो तेव्हा."

मग त्यांचा जबाब सुरू झाला. बेचाळीस सालची गोष्ट. चौघांचा गट. म्होरक्या शाळेतला एक तरुण मास्तर, दुसरे गुरुजी, तिसरा वाडीमालकाचा बाप आणि चौथी ही मिठागरातली पोरगी. तारा तोडायच्या, रेल्वेचा मोरीपूल उडवायचा असा बेत होता. मास्तरने हत्यारे मिळवली. ती पोरीने आणली आणि वाडीवाल्याने पेटीला डांबर फासून बावखळात सोडली. मास्तर म्हणाला होता, मी मागेन तेव्हाच काढायची. दुसऱ्याच आठवड्यात मास्तर पकडला गेला आणि तुरुंगात मेला. एक नाव त्याच्या तोंडून निघाले नाही. पाठोपाठ गुरुजींना आणले. इथल्या जमादाराने त्यांची बोटे टेबलाच्या कडेवर ठेवून मोडली. तेही बोलले नाहीत. वाडीवाला आणि पोरगी वाचली ती एवढ्यामुळे.

"पुढे ताम्रपट, पेन्शन काही घेतलं नाहीत?" मी विचारले.

"अर्जात काय लिहायचं? काय काम केलं, कुणाबरोबर केलं, हेच लिहावं लागतं ना?"

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी तं नवऱ्यालापन नाय सांगितलं. संसार झाला, पोरं झाली, नातवंडं झाली. तो मेला तरी त्याला म्हाईत नव्हतं त्याच्या बायकोनी पिस्तुलं नेलेली."

आमचे साहेब मघापासून दारात उभे राहून ऐकत होते. आता ते आत आले. आवाज चढवला नाही, पण प्रश्न अधिकाऱ्याचाच होता. "स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी पेटी सरकारजमा का नाही केलीत?"

गुरुजींनी वाकडी बोटे दुसऱ्या हातात घेतली. "तिघांनी ठरवून मी करायला निघालो होतो. पंधरा ऑगस्टला सकाळी इथेच आलो, झेंडावंदनाला. मनात होतं, कार्यक्रम झाला की सांगून टाकू. समोर तोच जमादार झेंड्याला सलाम करून उभा होता. त्याच जागी, त्याच पट्ट्यासकट. मी पेटी कुणाला द्यायची होती, साहेब?"

साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "गुरुजी, बसा." मग बाहेरच्या शिपायाला सांगितले, "चहा आण. चांगला आण."

पुढचे सगळे कागदोपत्री काम. दोन्ही जबाब पंचनाम्याशी तंतोतंत जुळत होते. साहेबांनी टाडाचा प्रस्ताव तर पाठवला नाहीच, उलट वरच्या फोनला स्वतः उत्तर दिले. फोनवर त्यांचा आवाज मी प्रथमच एवढा मोठा ऐकला. कलम एकशे एकोणसत्तरखाली आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि वाडीमालक सुटला. प्रयोगशाळेचा अहवाल बऱ्याच महिन्यांनी आला. हत्यारे जुनी, दारू मातीमोल, वापरायोग्य नाहीत. तोपर्यंत त्याच्या केळीने घड धरले होते.

तो सुटला त्या दिवशी कोर्टाबाहेर त्याची बायको उभी होती. तिने नवऱ्याला आधी धरले, मग त्याचे हात उलटेसुलटे करून बघितले, मार लागला आहे का ते. काही दिसले नाही तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "देव बरं करो, साहेब." एवढ्या वर्षांत मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांतले हे सगळ्यात जड. तो एजंट पुन्हा कधी माझ्या टेबलापुढे बसायला आला नाही आणि वाडीही विकली गेली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या भरतीची पोरे कधी कधी विचारतात. मी त्यांना सांगतो की माणूस गप्प बसला म्हणजे तो गुन्हेगार, असे धरून चालू नका. तो कुणाला तरी वाचवत असेल. आणि दुसरे सांगतो ते पोरांना आवडत नाही. वर्दी तुम्ही आज घातली असेल, पण समोरचा माणूस तुमच्या आधी ती घालणाऱ्या सगळ्यांचा हिशेब तुमच्या तोंडावर बघत असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो हिशेब फेडायला वेळ लागतो, आणि फिटला की नाही हे आपल्याला कुणी येऊन सांगत नाही.

मला मात्र कळले. पावसाळा संपता संपता एक दिवस मी पोलीस स्टेशनला ड्युटीवर बसलो होतो, आणि गुरुजी दारातून आत आले. या खेपेस त्यांना कुणी आणले नव्हते. सरळ माझ्या टेबलापुढे येऊन खुर्ची ओढून बसले.

"तक्रार लिहून घ्या," म्हणाले. "माझी सायकल चोरीला गेलीय."

मी हवालदाराला कागद घ्यायला सांगितले. गुरुजी सांगू लागले. रंग हिरवा, पुढचा मडगार्ड चेपलेला, घंटीचे झाकण नाही, कॅरियरला निळी दोरी, सीटला नातवाच्या दप्तराचे कापड शिवलेले. कुठे लावली होती, कुणी बघितली असेल, कुणावर संशय आहे, तो कुठे राहतो, त्याचा बाप काय करतो, सगळे. नावे तर त्यांनी न विचारता सांगितली. हवालदार लिहून थकला, पण गुरुजींचे संपेना. शेवटी मलाच म्हणावे लागले, "गुरुजी, पुरे. एवढ्यावर तर सायकल स्वतःच घरी येईल."

"नाही, राहिलंच," ते म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. मी हवालदाराला दुसरा कागद दिला.

सायकल आम्ही दोन दिवसांत शोधून काढली. मी स्वतः निर्मळला नेऊन दिली.